तण कोणाला म्हणावे?

हरळी ही वनस्पती एकच. पण तिच्या वाट्याला तीन नावे आणि तीन नशिबे आली आहेत. शेतात ती हरळी असते आणि शेतकरी तिच्या मुळ्या वेचून उन्हात वाळत टाकतो. भाद्रपद चतुर्थीला तीच दूर्वा होते आणि एकवीस-एकवीसच्या जुड्यांनी गणपतीच्या मस्तकावर चढते. बंगल्यापुढे तिचेच लॉन होते. तिथे तिला खत मिळते, पाणी मिळते, तिच्यासाठी यंत्र विकत आणले जाते आणि ‘गवतावरून चालू नये’ अशी पाटीही लागते. आमचे कानडी शेजारी तिला गरिके म्हणतात. त्यांच्याकडेही रानातली गरिके आणि पूजेतली गरिके यांचे भाग्य असेच निराळे. वनस्पतिशास्त्राला यातले काही ठाऊक नाही. त्याच्या दप्तरी ती सरसकट सायनोडॉन डॅक्टिलॉन.

होल्म या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1977 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा, म्हणजे नागरमोथ्याचा, आणि दुसरा हरळीचा. तेव्हा हिशेब असा होतो की, जगातले दोन नंबरचे तण आपण रोपवाटिकेतून पैसे मोजून आणतो आणि एक नंबरचे त्यात फुकट उगवले की संतापतो.

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही, खर्चाच्या कागदावरून आला. आमच्या शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती साधारण गुंठाभर हिरवळ आहे. माजी विद्यार्थ्यांनी हौसेने करून दिलेली. आषाढाच्या झडीत ती इतकी माजली की स्वातंत्र्यदिनाच्या आधी काहीतरी करणे भाग होते. समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, “सर, एक बाटली औषध मारा, दहा दिवसांत साफ.” लिपिकाने दोन आकडे मांडून कागद पुढे केला. एका बाजूला तीन बायकांची दोन दिवसांची मजुरी, दुसऱ्या बाजूला एक बाटली आणि फवारणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी. दुसरा आकडा पुष्कळच लहान होता. मी पहिल्यावर सही केली. का केली, याचा विचार तेव्हापासून चालू आहे, आणि हा लेख म्हणजे तोच विचार.

भांगलणीला आलेल्या बायकांत जी वयाने मोठी होती, तिने खुरपे टेकवण्याआधी विचारले, “सर, काय ठेवायचं आणि काय काढायचं, तेवढं सांगा की.”

मी म्हटले, “आक्का, हरळी तेवढी ठेवा. बाकीचं सगळं काढा.”

ती आधी माझ्याकडे आणि मग सोबतिणींकडे बघून हसली. “जलम गेला हरळी काढण्यात. बघा गं, शाळंत उलटंच शिकिवत्यात!”

संध्याकाळी काम आटोपले तेव्हा काढलेल्या तणाचे दोन ढीग झाले होते. मोठा ढीग खड्ड्याकडे गेला. धाकटा, म्हणजे घोळ, केना आणि थोडी आंबुशी, तिच्या पदरात बांधला गेला. रात्रीची भाजी. एकाच गुंठ्यात एकाच दिवशी एकाच वनस्पतीबद्दल माझा निर्णय एक आणि तिचा दुसरा, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर!

यावरून एवढे तर दिसते की ‘तण’ ही वनस्पतीची जात नव्हे. तो माणसाने दिलेला निवाडा आहे. भाषेने हे आपल्या आधीच ओळखले असावे. कानडीत तणाला ‘कळे’ म्हणतात. आणि चेहऱ्यावरचे तेज, आपण ज्याला कळा म्हणतो, तेही कानडीत ‘कळे’च. शिवाय वजा करणे, घालवणे या क्रियेलाही तोच शब्द. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे शब्द वेगवेगळ्या घरचे आहेत, त्यावरून सिद्धान्त उभारू नये, हे मला कळते. पण दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहणाऱ्याला अशी गंमत फुकट मिळते, ती का सोडावी?

आता निवाडा म्हटला की न्यायाधीशाचे अधिकार कोणते, हा प्रश्न आलाच. अमेरिकन विचारवंत एमर्सन याने एकोणिसाव्या शतकात यावर एक उदार उत्तर सुचवले होते. ज्या वनस्पतीचे गुण माणसाला अजून उमगले नाहीत, ती तण, असा त्याचा आशय. वाक्य गोड आहे, सुविचाराच्या फळ्यावर शोभेल असे आहे. पण आपल्याकडे ते टिकत नाही. नागरमोथा घ्या. चरकसंहितेत मुस्ता म्हणून त्याचे गुण नोंदलेले आहेत. ज्वरावर, पचनावर वैद्य तो शेकडो वर्षे देत आले. उटण्यात आणि सुगंधी द्रव्यांत तो पडतो. या दिवाळीला आपण अंगाला जे उटणे लावणार, त्यातही बहुधा असेल. तुकोबांनी नम्रतेचा दाखला म्हणून लव्हाळ्याला अभंगात बसवले. एवढे गुण ठाऊक असूनही तो उसात माजला की शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. जमिनीवर नम्र दिसणारा हा प्राणी जमिनीखाली गाठींची साखळी विणत असतो. वरचे पान उपटले की खालची गाठ शाबूत राहते आणि आठवड्याभरात पुन्हा वर येते. गुण माहीत नाहीत म्हणून तो तण ठरलेला नाही. गुण माहीत असूनही ठरला आहे.

मग दुसरे, पाठ्यपुस्तकातले उत्तर उरते: चुकीच्या जागी उगवलेली ती तण. हे उत्तर अधिक प्रामाणिक आहे, पण अर्धे आहे. जागा चुकीची की बरोबर, हे जागेच्या कामावरून ठरते. शेताचे काम स्पष्ट आहे. ‘तण खाई धन’ ही म्हण ज्याने केली त्याच्या घरात दाण्याचा हिशेब होता. त्याने हरळी उपटली तर तिच्या बदल्यात कोणाच्या तरी ताटात भाकरी येते. म्हणून ‘सगळे सापेक्ष आहे, तण असे काही नसतेच’ असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. असे म्हणणारे बहुधा धान्य विकत आणणारे असतात. गाजर गवताचेच पाहा. 1950 नंतरच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर, आपल्या सीमाभागातल्या माळरानांवर आणि रस्त्यांच्या कडेलाही पसरले. त्याच्या संपर्काने अंगावर चट्टे उठलेली, दम्याने बेजार झालेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या वनस्पतीच्या जगण्याच्या हक्कावर व्याख्यान देऊ नये. त्याला खाणारा भुंगेरा मेक्सिकोहून 1983 मध्ये बेंगळुरूला आणला गेला, अभ्यास करून सोडला गेला; त्यानेही गवत संपले नाही, फक्त ठिकठिकाणी आवरले गेले. ते फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावे, हे मी मुलांना सांगतो, आणि हातमोजे घालूनच उपटावे, हेही सांगतो.

शेताचे काम कळले. हिरवळीचे काम कोणते? इथे गाडी अडते. गाईला चारा नाही, घराला धान्य नाही. हिरवळीची हौस युरोपातल्या श्रीमंतांच्या वाड्यांपुढे वाढली. विळ्यांनी गवत कापायला नोकरांचा ताफा परवडत असे, त्याच्याच दारी ती दिसे. इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाच्या कारागिराने 1830 मध्ये गवत कापायचे यंत्र काढले. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव कापणारे यंत्र पाहून त्याला ते सुचले. तेव्हापासून मध्यमवर्गालाही हिरवळ परवडू लागली. बेळगावचा किल्ला 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती गेला; मागाहून छावणी आली, बंगले आले आणि बंगल्यांबरोबर त्यांची ही हौसही आली. साहेब गेला, हौस राहिली. त्यात वाईट काही नाही. दमून आल्यावर हिरव्या तुकड्यावर अनवाणी उभे राहण्यात सुख आहे, लहान मूल त्यावर पडले तर गुडघा फुटत नाही, पावसात माती वाहून जात नाही. ही कामे खरी आहेत. पण यातल्या एकाही कामासाठी तिथे फक्त एकाच जातीचे पान असले पाहिजे, असे नाही.

ही ‘एकच पान’ ही कल्पना कुठून आली, तेही पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अमेरिकेत हिरवळीच्या बियाण्यात पांढरा क्लोव्हर मुद्दाम मिसळत. ही आपल्या मेथीच्या कुळातली, तीन पानांची सरपटणारी वनस्पती. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. त्यामुळे गवताला वेगळे खत फारसे लागत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आले. रुंद पानाच्या वनस्पती त्याने मरतात, गवत राहते. आता क्लोव्हरचे पान पडले रुंद. औषधाने त्याला मारले, आणि मेले म्हणून ते तण ठरले! आधी निवाडा आणि मग शिक्षा, हा जगाचा क्रम. इथे शिक्षा आधी झाली. क्लोव्हर गेल्यावर जमिनीला नत्र कमी पडू लागला, तो पोत्यातून घालावा लागला. औषधही दुकानातले आणि खतही दुकानातले. यात कोणी कारस्थान केले असे मी म्हणत नाही. पण आपल्या आवडीनिवडी किती वेळा आपल्या नसतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या भागात जैन शेतकरी पुष्कळ आहेत. अहिंसा मानणाऱ्याने नांगर कसा धरावा, हा त्यांच्यापुढचा जुना प्रश्न. आणि त्यांच्या परंपरेने गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगून त्याला उत्तर दिले आहे. घरकामात, चूल-पाण्यात होते ती आरंभी. शेती, व्यापार अशा उपजीविकेत होते ती उद्योगी. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. आणि ठरवून, गरज नसताना केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत, त्यांत यत्नपूर्वक मर्यादा घालावी. चौथी मात्र वर्ज्य. मी जैन नाही, पण वर्गात नीतिशास्त्राचा विषय निघाला की ही चौकट मला फार उपयोगी पडते. शेतकऱ्याची भांगलण उद्योगी. गाजर गवत उपटणे विरोधी. अंगणात साप-विंचू येऊ नयेत म्हणून दाराजवळचे गवत कापणे आरंभीत बसेल. आणि ध्वजस्तंभाभोवतीची हिरवळ एका रंगाची दिसावी म्हणून बाटली फोडणे? मी हे चारही खण उघडून पाहिले. पहिल्या तिन्हींत ते नीट बसत नाही.

‘वनस्पतीच ती, एवढे काय!’ असे कोणी म्हणेल. ठीक. वनस्पतीला बाजूला ठेवू आणि फक्त माणसांचे पाहू. टू-फोर-डी वनस्पतीला कसे मारते? त्याची रचना वनस्पतीच्या स्वतःच्या वाढीच्या संप्रेरकासारखी असते. ते वनस्पतीला उपाशी ठेवत नाही, उलट वाढ बेफाम करते. देठ पिळवटतात, पाने वाकतात आणि ती आपल्याच वाढीने कोलमडते. याचे सूक्ष्म तुषार किंवा वाफ वाऱ्याबरोबर गेली तर शेजारच्या टोमॅटोची, द्राक्षाची, कापसाची पाने तशीच वाकडी होतात. कुंपण भिंतीचे असते, वाऱ्याला ते दिसत नाही. व्हिएतनामच्या जंगलांवर 1962 ते 1971 या काळात जे कुप्रसिद्ध मिश्रण फवारले गेले, त्यातला एक भाग हाच होता. त्यातले डायॉक्झिन हे विष दुसऱ्या भागातून आले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे; भीती घालण्यासाठी अर्धे सत्य सांगणे शिक्षकाला शोभत नाही.

खताचेही तसेच. युरियात 46 टक्के नत्र असतो आणि तो पाण्यात चटकन विरघळतो. मुळांनी घेतला तो घेतला, उरलेला नायट्रेट होऊन खाली झिरपतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. रंग नाही, वास नाही. शेजाऱ्याच्या विहिरीत ते उतरले तर त्याला कळणारही नाही. आपल्या शोभेची किंमत आपण भरावी, इतके तर कोणत्याही नीतिशास्त्रात मान्य व्हावे. आणि त्या कागदावरच्या दोन आकड्यांतला फरक, तो तरी कुठून आला होता? तीन बायकांच्या दोन दिवसांच्या रोजगारातून.

याचा अर्थ हिरवळ रानमोकळी सोडावी असा नाही. निगा राखावी, पण ती हंगाम ओळखून. आपल्या हवेत मला जे पटले ते सांगतो. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत पातळ पसरावे. अर्धवट कुजलेले घालू नये; गुराच्या पोटातून तणाचे बी जिवंत बाहेर येते आणि असे शेणखत म्हणजे बियांचे पोतेच. आषाढाच्या झडीत युरिया टाकू नये, तो गवताला कमी आणि गटाराला जास्त मिळतो. श्रावणात उघडीप मिळाली की चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला सुमारे एक किलो, पाने कोरडी असताना सारखा फेकून लगेच पाणी द्यावे, नाहीतर पाने करपतात. दसऱ्याच्या सुमारास 15:15:15 चे मिश्रखत गुंठ्याला तीन किलो पुरे. थंडीत हरळी मंदावते, तेव्हा तिला खाऊ घालू नये. ती झोपलेली असते आणि थंडीतले तण जागे असते. शिमग्याच्या आसपास दाताळ्याने वाळके गवत ओढून काढावे आणि अर्धा इंच पोयटा पसरावा.

कापताना एका वेळी पात्याचा एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग काढू नये. न्हाव्याने डोके भादरावे तसे गवत कापण्याची आपल्याकडे हौस आहे. दीड-दोन इंच उंची ठेवली तर खाली सावली पडते आणि तणाचे बी उजेडावाचून रुजत नाही. बारीक कापलेले गवत तिथेच राहू द्यावे, त्यातला नत्र जमिनीला परत मिळतो. निरोगी गवत हेच पहिले तणनाशक, हे बागकामाचे जुने शहाणपण आहे.

आणि तण उपटण्यापूर्वी त्याची साक्ष घ्यावी. लव्हाळा दाटला तर पाणी साचते आहे. आमच्याकडे तो नळाच्या कोपऱ्यातच होता, कारण नळ गळत होता. नाचणीचे जवळचे नातलग असलेले ते चिवट, बोटांसारख्या कणसांचे गवत जिथे दिसेल, तिथली जमीन पायांनी दबून घट्ट झालेली असते. बारीक जांभळ्या फुलांची, तीन पानांची शेंगवर्गीय वेल पसरली तर नत्र कमी आहे, आणि ती बिचारी तो भरून काढते आहे. साक्षीदाराला मारून खटला निकाली काढता येतो, पण नळ गळायचा थांबत नाही.

एक गोष्ट मात्र या विषयातून बाहेर जाऊ देऊ नये, असे शिक्षक म्हणून मला वाटते. शिक्षकांच्या खोलीत ‘नववी ब मधले तण’ असा शब्द मी ऐकला आहे. वर्तमानपत्रांत ‘समाजातले तण’ असे सहज छापून येते. पोलंडमध्ये जन्मलेले समाजशास्त्रज्ञ झिग्मुंट बाउमन यांनी 1989 च्या आपल्या ग्रंथात, ज्यूंच्या संहाराची मीमांसा करताना, आधुनिक राज्यसत्तेला माळ्याची उपमा दिली आहे. समाज ही बाग मानली की काही माणसे तण ठरतातच, आणि मग ती उपटणे हे द्वेषाचे काम उरत नाही, स्वच्छतेचे होते. वनस्पतीला आपण काय म्हणतो ते तिला ऐकू येत नाही. नववी ब मधल्या मुलाला येते.

यंदाही हरितालिकेच्या संध्याकाळी गल्लोगल्लीच्या मुली परड्या घेऊन दूर्वा खुडायला निघतील. हल्ली रान दूर गेले. जवळ आहेत ती बंगल्यांची, कार्यालयांची, शाळांची हिरवळ. दुसऱ्या दिवशी त्या दूर्वा गणपतीला, आणि तिसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही म्हणून कुंपणाकडेचा केना, कुर्डू, माठ, अळू शोधून आणतात आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाया त्याची एकत्र भाजी करतात. फाटकातून आत शिरणाऱ्या त्या मुली राखणदाराला एवढेच विचारतात, “मामा, थोड्या दूर्वा घेऊ?” गेल्या आठवड्यात इथे काय फवारले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.